मंगळवारचं दूध

सोलापूरहून भूमला जायचा सरळ रस्ता बार्शीवरून आहे. तुम्ही जाणार असाल तर त्याच रस्त्यानं जा, वेळ आणि पैसे दोन्ही वाचतील. मी मात्र तुळजापूर, उस्मानाबाद असा लांबचा वळसा घेऊन गेलो होतो. त्याला कारण दत्ताचं पोस्टकार्ड.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. धाराशिवला सरकारदरबारी उस्मानाबाद म्हणत, आणि मी सोलापूरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. दत्ता माझा कॉलेजचा मित्र. घर तुळजापूरचं, पिढ्यान् पिढ्या देवीच्या पूजेतलं. आरत्या, अभिषेक, नैवेद्य यांना कंटाळून तो घरातून निघाला आणि भूमजवळच्या एका खेड्यात दूध सोसायटीचा सचिव झाला. कार्डावर त्यानं लिहिलं होतं: "मंगळवारी सकाळी आठला आमच्या सोसायटीचं उद्घाटन. ये आणि पेपरात छाप. येताना तुळजापूरला उतरून घरून देवीचं कुंकू आण, आमच्या अध्यक्षांना तेच लागतं. वडिलांशी वाद घालू नकोस."

संपादकांनी दोन दिवसांची रजा दिली, वर बातमीही मागितली. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं निघालो.

तुळजापूरपर्यंतचा रस्ता आता चौपदरी आहे, गाडीनं तासाभरात पोचाल. तेव्हा दोन तास लागत, तिकीट पाच-सहा रुपये. दुष्काळाचं साल, वाटेत दोन्ही बाजूंना रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसं बसलेली. एका गावाच्या वेशीवर रिकाम्या घागरींची रांग होती. माणसं सावलीला गेली होती आणि रांगेत त्यांच्या वतीनं घागरीच उभ्या होत्या. घाट चढताना झाडं दिसली, पण पान एकालाही नव्हतं.

दत्ताचे वडील दर्शनानंतर भेटले. कुंकवाची पुडी आधीच बांधून ठेवली होती.

"काय करतो तो तिथं?" त्यांनी विचारलं.

"दूध गोळा करणार आहेत."

"इथं देवीला रोज घागरी घागरी दूध येतं, ते गोळा करायला कंटाळला. त्याला सांगा, सोसायटी बुडाली की ये. गाभाऱ्यातली पाळी रिकामीच ठेवलीय."

बुडाली तर, असं ते म्हणाले नाहीत.

देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही, जागेवर राहिला तर काम होईल पण उशिरानं. माझ्या मागं लांब रांग होती, त्यामुळं मोठा प्रश्न सुचेना. दुपारची भूमची गाडी मिळेल का, एवढंच विचारलं. दगड हलला नाही. गाडी दोन तास उशिरा आली. ज्यांना अशा गोष्टींत रस आहे त्यांनी जरूर जावं. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, गर्दी फार असते.

उशीर झाला म्हणून बसस्टँडसमोर जेवून घेतलं: भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. पाण्याचा तांब्या मालकानं स्वतःजवळ ठेवला होता आणि विचारल्याशिवाय देत नव्हता. मात्र विचारलं तर नाही म्हणत नव्हता.

उस्मानाबाद, येडशी, तेरखेडा करत गाडी पश्चिमेला वळते तसा मुलूख आणखी उघडा होत जातो. माझ्या पुढच्या बाकावर दोन फेटेवाले बसले होते.

"आमच्या गावानं औंदा म्हादेव कोंडला," एक म्हणाला. पाऊस पडावा म्हणून देवळाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवून ठेवायची, असा रिवाज त्या बाजूला आहे.

"म्हादेव कोंडायला पानी कुठलं आनलं?"

"टँकरचं."

"आख्खा टँकर?"

"मग! पिंड बुडाय नगं?"

"आला का पाऊस?"

"पाऊस न्हाय आला. पर तहसीलदार आला. म्हनला, टँकर कुठं जिरला? त्येला म्हनलं, साहेब, द्येवाला तहान लागली हुती. बेजार हून दुसरा पाठवला त्येनं."

"मंजे पावला म्हना की."

"पावला, पर सरकारी मार्गानं."

भूमला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. दत्ता सायकल घेऊन उभा होता. गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर. अर्धं अंतर त्यानं मला डबलसीट नेलं, अर्धं मी त्याला. भूमचा खवा नावाजलेला आहे. रस्त्याच्या कडेनं खव्याच्या भट्ट्या लागतात, दूध आटल्याचा गोड वास लांबवर येतो. गेलात तर खवा ताजा, सकाळचा घ्या, आणि जवळच्या कुंथलगिरीचे पेढे चाखल्याशिवाय परतू नका.

"या भट्ट्या आहेत म्हणून तर सोसायटी काढली," दत्ता धापा टाकत म्हणाला. "ते देतील तो भाव. आता तालुक्याहून गाडी येणार, फॅट लावून दूध घेणार. दुष्काळात शेत काही देत नाही, पण कर्जावर घेतलेल्या म्हशी आहेत, छावणीतला कडबा आहे. चाळीस घरं तयार केलीत मी. सहा महिने लागले."

"मग अडचण काय?"

"अडचण काही नाही. फक्त उद्या पहिल्या फेरीला एक कॅन तरी भरला पाहिजे. नाहीतर परवापासून ती गाडी शेजारच्या गावाला लावणार आहेत. ती आमच्याकडून रिकामी गेली तर मीही तिच्यातच बसून जाईन. घरी माझी वाट बघणारे आहेतच."

मुक्काम सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरी होता. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. धिप्पाड माणूस, पांढरंशुभ्र धोतर, आवाज लाउडस्पीकर न लागणारा. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. काकूंचा आवाज मला त्या संध्याकाळी दोनदाच ऐकू आला: एकदा "वाढू का?" आणि एकदा "पाणी बेतानं." जेवायला भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. आंघोळीला सकाळी एक तांब्या मिळेल, असंही कळलं.

आबांनी छापील कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात दिली. त्यात चौदा बाबी होत्या. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, आणखी सत्कार, मनोगत. दुधाचा उल्लेख अकराव्या बाबीत होता: "प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते पहिले दूध ओतणे."

"फार मोठा कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"साहेब, काम काय, कुनीबी करतंय," आबा म्हणाले. "कार्यक्रम करायला मानूस लागतंय. बिगर उद्घाटनाचं दूध कॅनात वतलं तर त्ये दूध ऱ्हातंय, सोसायटी हुईत न्हाय."

मला हसू आलं, पण वाक्य लिहून घेतलं. बातमीदाराची सवय.

"आणि मंगळवारच का?"

"देवीचा वार! यापरीस चांगला दिवस कुठला घावनार?"

दत्तानं मान डोलावली. तुळजापूरच्या माणसाला मंगळवारचं महत्त्व कोण सांगणार?

सकाळी मांडव सजला होता, पुढं मधल्या रस्त्यावर स्वागताची कमान उभारली होती. रांगोळी काढली होती, पण सडा घालायला पाणी नसल्यानं ती कोरड्या धुळीवर होती. वाऱ्याची एक झुळूक आली आणि स्वस्तिक शेजारच्या गल्लीत गेलं. फीत कापायला कात्री न्हाव्याकडून आणली होती. भूमहून बँड आला होता. त्याला तीन गाणी येत होती आणि तिन्ही वरातीची होती. त्यातच न भूतो असं घडलं: प्रमुख पाहुण्यांची जीप आठच्या ठोक्याला आली. पाहुणे वेळेवर आल्यास काय करायचं, हे पत्रिकेत नव्हतं. सगळ्यांची धावपळ उडाली.

बायका येऊ लागल्या. ठेवणीतली लुगडी, हातात हळदी-कुंकवाची ताटं, केसांत कागदी फुलं. चाळीस घरांतल्या चाळीस जणी आल्या असतील. दत्ता दारात माप, दुधाची तपासणी करायची काचेची नळी आणि कोरी वही घेऊन उभा होता. कॅन चिंचेनं घासून चमकवलेला, त्याला हार घातलेला.

दत्तानं पहिलीला विचारलं, "वैनी, दूध?"

"आज?" ती म्हणाली.

"आज म्हणजे काय? आज उद्घाटन!"

"आवो भाऊ, आज मंगळवार न्हाय का? मंगळवारचं दूध विकत्यात व्हय कुटं?"

दत्ता दुसरीकडं वळला, तिसरीकडं वळला. चाळीस ताटं, दूध कुणाकडंच नाही. मंगळवारचं दूध देवीचं. ते विकायचं नाही, विरजायचंही नाही. नैवेद्य दाखवून पोराबाळांना पाजायचं. गावात हे सगळ्या बायकांना माहीत होतं. पुरुषांनाही माहीत असणार, पण धार काढायला ते कधी बसलेच नव्हते, त्यामुळं वार आणि दूध या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र आल्याच नव्हत्या. दत्ताच्या तुळजापुरात तर मंगळवारीच सगळ्यात जास्त दूध खपतं.

आबा लगबगीनं आले. मागोमाग काकू.

"म्या देवीचा वार म्हनून ठिवला!" आबा म्हणाले.

"देवीच्या वारी देवीचंच दूध विकाय काढलंव व्हय तुमी?" काकू म्हणाल्या.

"मग आदी सांगायचं!"

"मिटिंगीला बोलावलं हुतं का आमाला? पत्रिका छापून आली तवा कळलं. म्हनलं आज नुस्ती पूजा आसंल, दूध उद्याच्याला."

"पत्रिकेत छापलंय की, अकरा नंबरला!"

"मला वाचाय येतंय व्हय?"

गाडी नऊला येणार होती. दत्ता खांबाला टेकून खाली बसला. मी त्याला कधी देवाचं नाव घेताना ऐकलं नव्हतं, तेव्हा ऐकलं.

मांडवात पाहुण्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून आबांनी कार्यक्रम सुरू केला. इकडं काकू हळू आवाजात दत्ताला म्हणाल्या, "बौद्धवाड्यात मंगळवार पाळीत न्हाईत. गयाबाई आन् ती सात-आठ घरं रोज भट्टीला दूध घालत्यात. भट्टीवाला अजून आला नसंल. जाऊन बगा."

दत्ता उठला नाही. "काकू, त्यांना कुठल्या तोंडानं विचारू? त्यांचे अर्ज..."

"कपाटात हायत," काकू म्हणाल्या. "ठावं हाय मला. किल्ली माज्याकडंच आसती."

तेव्हा मला गोष्ट कळली. बौद्धवाड्यातल्या आठ घरांनी सभासद होण्यासाठी तीनदा अर्ज केले होते. प्रत्येक वेळी आबांनी "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणून ते कपाटात ठेवले होते. दत्तानं दोनदा विषय काढला आणि नोकरी टिकवायची म्हणून दोनदा सोडून दिला. हे त्यानं मला आदल्या दिवशी सायकलवर सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं निघालो. मागं स्वागतगीत चालू होतं.

गयाबाई पन्नाशीच्या असतील. अंगणात आठ घरच्या दुधानं भरलेल्या कासंड्या ओळीनं झाकून ठेवलेल्या, भट्टीवाल्याची वाट बघत. दत्तानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग माझ्याकडं बोट केलं.

"ह्ये कोन?"

"पेपरचे आहेत, मावशी."

"मंग बरं झालं. लिवून घ्या, भाऊ. तीन येळा अर्ज दिला. चौथ्यांदा सोसायटीच आमच्या दारात अर्ज घिऊन आली."

शेजारच्या बायका हसल्या. दत्ताही हसला, पण रडका.

"चुकलं, मावशी."

"तुजं निम्मं चुकलं. निम्मं दुसऱ्याचं. दूध दिऊ की, न्हाय कुटं म्हनतो? भट्टीवाला तरी कुटं सोन्याचा भाव देतोय? पर आदी आठी अर्जांवर सही. पावती आमच्या नावाची. आन् पैली धार कॅनात म्या वतनार, पावनं न्हाय."

"कबूल."

"थांब की, उरकाय लागलास लगीच. दूध न्यायचं त्ये मागल्या बोळातनं न्हाय. कमानीखालनं. वाजवीत."

"वाजवत?"

"त्यो बँड कशापायी आनलाय मंग?"

दत्तानं घड्याळ बघितलं. पावणेनऊ. "मावशी, कबूल, सगळं कबूल. चला."

"आलेच," म्हणत त्या आत गेल्या. बाकीच्याही गेल्या. दारातून दिसत होतं: फळीवर बुद्धांची तसबीर, पुढं मेणबत्ती. सगळ्यांनी पदर सारखे केले, हात जोडले आणि एका सुरात वंदना म्हटली. दत्ता बाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. ज्याच्यापासून तो पळून आला होता ते त्याला या टोकालाही गाठत होतं.

गयाबाई बाहेर आल्या, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आमचंबी आसतंय की कायतरी. तुमच्यावानी चौदा कलमी न्हाय, पर आसतंय."

मी पुढं पळत जाऊन बँडला घेऊन आलो. बँडवाल्यांनी विचारलं, कुणाची वरात? म्हटलं, दुधाची. त्यांना फरक पडत नव्हता. त्यांनी नवरी निघतानाचं गाणं धरलं आणि आठ बायका डोक्यावर कासंड्या घेऊन, पावलं जपत, गावाच्या मधल्या रस्त्यानं, कमानीखालून आल्या. मांडवात प्रमुख पाहुणे 'सहकार आणि ग्रामीण जीवन' यावर बोलत होते. सगळा मांडव पाठ फिरवून दाराकडं बघू लागला. पाहुणे अनुभवी होते, त्यांनी भाषण थांबवलं नाही.

गाडी आली होती. ड्रायव्हर खाजाभाई, तोंडात पान, गाडीत आधीच्या तीन गावांचं दूध. "जल्दी करो भाई, ऊन वाढायलंय. दूध फटेगा तो मेरे नाम पे फटेगा."

काकूंनी कपाट उघडून अर्ज आणले होते. आबांच्या पुढं धरले.

"मीटिंगमधी ठराव करावा लागतंय," आबा म्हणाले. "आसं वाऱ्यावर सह्या करता येत न्हाईत. त्येला पद्धत आसती."

"सगळी कमिटी हितंच उबी हाय," काकू म्हणाल्या. "करा की मीटिंग."

"अरे साब, सही मारो ना," खाजाभाई म्हणाला. "मीटिंग का क्या, मेरे जाने के बाद भी होती."

आबांनी पेन काढलं. आठ सह्या केल्या. एकदा करायला लागल्यावर मात्र प्रत्येक सही झोकात केली, खाली दोन रेघा ओढून. मग गयाबाईंनी कॅनचा हार बाजूला सारला आणि पहिली धार ओतली. टाळ्या कुणी वाजवायच्या हे ठरलेलं नव्हतं, म्हणून कुणीच वाजवल्या नाहीत. नुसता दुधाचा आवाज आला. तेवढ्यात बँडवाल्यांना वाटलं की आपलीच वेळ आली, आणि त्यांनी झाडून सगळी वाद्यं वाजवली.

आठ कासंड्या रिकाम्या झाल्या. दूध कॅनच्या गळ्याच्या खाली राहिलं. चार-पाच लिटर कमी.

"नहीं चलेगा," खाजाभाईनं मान हलवली. "भरा नहीं तर हिंदकळतंय. भूम जाते जाते लोणी होईल. मला ऑर्डर आहे, भरलेला कॅन उचलायचा."

दत्तानं चाळीस बायकांकडं बघितलं. सगळ्या मंगळवार असल्यासारख्या उभ्या होत्या. कुणाच्या घरी दूध नव्हतं असं नाही. प्रत्येकीच्या देव्हाऱ्यापुढं भरलेलं भांडं होतं. आबा पुटपुटले, "देवीला कौल लावू या का?" खाजाभाईनं गाडी सुरू केली.

तेव्हा काकू घरात गेल्या आणि पितळी चरवी घेऊन बाहेर आल्या. वर केळीचं पान नव्हतं म्हणून पळसाचं झाकलेलं, नैवेद्य दाखवून झालेला. बायका पुढं सरकल्या.

"काकू, तुमी विकनार?" एक म्हणाली.

"कोन विकतंय?" काकू म्हणाल्या. "शेजारनीला कमी पडलं तर उसनं देत न्हाई व्हय आपन मंगळवारी? साखर देतो, पीठ देतो. म्या गयाला उसनं देते. ती तिच्या नावावर कायबी करंल."

गयाबाईंनी हात पुढं केला नाही.

"घेते की," त्या म्हणाल्या. "पर उसनं घेतलं की फेडाय लागतंय. उद्या म्या माज्या कासंडीतनं दूध आनून दिलं तर तुमी घ्याल का? सांगा, समद्यांच्या म्होरं."

मांडवात आता फक्त पाहुण्यांचा आवाज होता. आबा काकूंकडं बघत होते. काकू चरवीकडं. त्या घरात बौद्धवाड्यातून आजवर काही आलेलं नव्हतं, आणि काय मागितलं जात आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. दत्ताची नोकरी त्यात अगदी लहान गोष्ट होती.

"उसनं दिलं की परत घ्याय लागतंय," काकू म्हणाल्या. "न्हायतर त्ये उसनं कसलं? सकाळी ये. चहाच्या टायमाला ये."

गयाबाईंनी चरवी घेतली आणि ओतली. दूध गळ्यापर्यंत चढलं. खाजाभाईनं झाकण ठोकून बसवलं, कॅन उचलला, हार काढून आरशाला अडकवला आणि गेला. पाहुण्यांचं भाषण त्यानंतर दहा मिनिटांनी संपलं. मग त्यांच्या शुभहस्ते फीत कापली गेली, सगळे सत्कार झाले, आणि अकराव्या बाबीला त्यांनी रिकाम्या मापावर कुंकू वाहिलं. आबांचं समाधान झालं.

मी त्याच दिवशी दुपारी परतणार होतो. राहिलो. संपादकांचं काय करायचं ते नंतर बघू म्हटलं.

बुधवारी सकाळी मी, दत्ता आणि आबा ओसरीवर बसलो होतो. कालची फेरी झाली, गाडी लागली. पण ती उद्या, परवा टिकायची तर गावाला आणि बौद्धवाड्याला एकाच कॅनात दूध ओतायचं होतं, आणि ते जमणार की नाही हे आता त्या दारात ठरणार होतं. आबा एकच सुपारी बराच वेळ कातरत होते.

गयाबाई आल्या. धुतलेलं लुगडं, काखेत कासंडी. उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या. काकू आतून आल्या, हातात कालचीच चरवी.

"वत," काकू म्हणाल्या.

"मापून घ्या."

"तू काल मापलं हुतंस का?"

"डोळ्यानं मापलं."

"मंग तसंच वत."

दूध चरवीत आलं. काकू ते घेऊन आत गेल्या. आम्ही तिघंही कान देऊन बसलो होतो: देव्हाऱ्याकडं वळतात, गोठ्यात मांजरापुढं ठेवतात की कुठं? चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग साखरेचा डबा. मग आल्याचा वास.

काकूंनी चार कपबशा आणल्या. एक गयाबाईंना दिली, त्या पायरीवर टेकल्या. आबांनी बशी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"दूध कुठलं?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

"म्हशीचं," काकू म्हणाल्या.

आबांनी बशीत फुंकर मारली. एकदा, दोनदा, चहा गार होऊनही मारली. मग प्यायले. रिकामी बशी खाली ठेवून म्हणाले, "साकर जरा कमी झाली." काकू म्हणाल्या, "दुष्काळ हाय." गयाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. दत्ता उठून सायकलला हवा भरायला गेला. हवा काल संध्याकाळीच भरलेली होती.

परतताना मी बार्शीचा सरळ रस्ता धरला. एक दिवस उशिरा पोचल्याबद्दल संपादक बोलायचे ते बोलले. मी दीड कॉलम लिहिला होता. छापून आल्या सात ओळी: दूध संकलन केंद्राचं उद्घाटन, प्रमुख पाहुण्यांचं नाव, सहकाराचं महत्त्व, आभार. मी तक्रार केली नाही. मीही तेव्हा वर्षानुवर्षं तेच सात ओळींचं पूजन करत आलो होतो.

विधी, समारंभ हे सगळं फुकाचं, असं म्हणणाऱ्यांत मी होतो आणि अजून अर्धा आहे. चौदा बाबींतल्या तेरा त्या दिवशी नसत्या तरी चाललं असतं. पण मंगळवारचा नेम नसता तर आठ अर्ज अजून कपाटात असते, आणि उसनं घेण्या-देण्याची साधी रीत नसती तर काकूंना ती चरवी उचलायला काही निमित्तच सापडलं नसतं. आपण होऊन त्यांनी ते केलं असतं का? मला वाटत नाही. माणसाला जे मनातून करायचं असतं त्यालाही कधी कधी रिवाजाचा हात धरावा लागतो.

दत्ताची पत्रं येत राहिली. सोसायटी टिकली. मंगळवारची अडचण मात्र दर मंगळवारी होती, आणि तोडगाही तोच: चाळीस घरांनी बौद्धवाड्यातल्या आठ घरांना कमी पडेल तेवढं दूध उसनं द्यायचं, आणि बुधवारी सकाळी ते परत घ्यायचं. हिशोबाच्या वहीत हे कसं बसवायचं या विवंचनेत तो होता. सहा-सात महिन्यांनी आलेल्या कार्डात त्यानं लिहिलं होतं की आता या गोष्टीलाही नियम लागलेत. चरवी कुंकू लावून द्यायची, रिकामी परत करायची नाही, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. नव्या सुनांना सासवा सांगतात की हे फार पूर्वीपासून चालत आलंय.

त्याच कार्डाच्या शेवटी, जागा संपत आल्यामुळं बारीक अक्षरात, होतं: "परवा बुधवारी गयाबाई तापानं पडून होत्या, दूध परत करायला आल्या नाहीत. आबा म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी बघू. काकूंनी ऐकलं नाही. परत घेतलं नाही तर रीत मोडते म्हणाल्या, आणि चरवी घेऊन स्वतः बौद्धवाड्यात गेल्या. दुपार झाली तरी परतल्या नव्हत्या. आबा ओसरीवर चहाची वाट बघत बसले होते."